रोयणीचं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढे नाही. वहिनींना सांगावं लागलंच नाही — ते का, ते पुढे येईल. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही आमच्या वाडीतले नाही. तुमचं घर त्या धरणाखाली नव्हतं. त्यामुळे तुमच्याकडे बघून बोलणं मला जमेल असं वाटतं. जमतंय का बघू.

माझ्या कपाटात एक शाल आहे. जत्रेच्या दिवशी, दशावतार उभा राहायच्या आधी, देवळासमोरच्या मांडवात ती माझ्या खांद्यावर घातली. धरण फुटायच्या आधी ज्याने ओळखलं, वाडी वाचवली, तो हा माणूस — असं माइकवरून तीनदा सांगितलं. मी हात जोडले, मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती साधा माणूस. ती शाल अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेली नाही. बायको म्हणते, थंडीत तरी वापरा. मी म्हणतो, टोचते.

धरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येईल. तसं नव्हतं. कट्टा गावापासून आत, आमच्या वाडीच्या डोक्यावर, एका मुंबईकर मालकांनी काजूची जमीन घेतली आणि पर्यटकांसाठी कौलारू खोल्या बांधल्या. मूळचे आमच्याच बाजूचे, दोन पिढ्यांमागे गेलेले. तारकर्लीचा समुद्र बघून कंटाळलेल्या माणसांना संध्याकाळी कुठेतरी नेऊन बसवायला पाणी हवं, म्हणून त्यांनी व्हाळावर — ओढ्यावर — मातीचा बांध घातला. उंची दोन मजली घराएवढी. मागे जे तळं साठलं त्याला मालक 'लेक' म्हणायचे. त्यात पायांनी चालवायच्या होड्या होत्या, बदकाच्या तोंडाच्या. सकाळी खरा समुद्र पाहिलेली माणसं संध्याकाळी बदकात बसून फोटो काढायची. मला हसू यायचं.

बांधाच्या खाली, व्हाळाच्या काठाने दोन घरं. वरच्या अंगाला माझ्या वहिनींचं. माझा थोरला भाऊ गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहतात. चार पायऱ्या खाली, अगदी व्हाळाला लागून, सुनंदाचं. सुनंदा मालकांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायला यायची. नवरा गोव्याला कामाला, घरात अंथरुणाला खिळलेला सासरा आणि लहान मुलगी. सुनंदाचं घर चार पायऱ्या खाली — एवढं लक्षात ठेवा.

बांध मीच घालून घेतला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली होती मी. साहेब म्हणून नव्हे. बांधावरून रोज चालायचं, उंदराची बिळं बुजवायची, उगवलेली झाडं उपटायची, पाझर बघायचा आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. पण तीस वर्षं तेच केलं की माणसाला पायाखालची माती कळायला लागते. निवृत्त झाल्यावर मालकांनी मला देखरेखीला ठेवलं. वाडीत मी 'खात्यातला माणूस'. मालकही पाहुण्यांना माझी तशीच ओळख करून द्यायचे. हे ऐकायला मला फार आवडायचं, आता लाज वाटते तरी आवडायचं हे खरं.

तर, जिथे बांध यायचा त्या जागेच्या मधोमध एक रोयण होती.

रोयण म्हणजे वारूळ. पण आमच्याकडे वारूळ म्हणजे नुसती मातीची रास नव्हे. आमची देवी सातेरी वारुळातच बसते. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी रोयण असलेली देवळं आमच्या भागात आहेत, आणि ती रोयण वाढत भिंतीला टेकली तर भिंत मागे सरकवतात, रोयण कुणी छाटत नाही. खात्याचा नियम याच्या बरोबर उलट. बांधाच्या पायात वारूळ आलं तर तळापर्यंत खणून काढायचं, शेवटचं भोक सापडेपर्यंत खणायचं, मग चिकणमाती भरून दाबायची. कारण वारूळ वर दिसतं तेवढंच नसतं. खाली त्याच्या वाटा हातहात लांब गेलेल्या असतात, आणि पाण्याला वाट मिळाली की पाणी थांबत नाही.

मजुरांनी रोयण बघितली आणि कुदळी खाली ठेवल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गुरवाला बोलवा, कौल लावा, देवीने परवानगी दिली तर तिला मानाने दुसरीकडे बसवू, मग खणू — एवढंच त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कौलाला आठ-पंधरा दिवस गेले असते. मृगाला थोडेच दिवस उरले होते, आणि मालकांना त्याच पावसाचं पाणी अडवायचं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही तर खात्यातले, तुमचा पण विश्वास आहे काय या सगळ्यावर? मी हसलो. काय बोलता साहेब, म्हटलं, मी बघतो.

दुपारी मजूर जेवायला बसले तेव्हा मी एकटाच कुदळ घेऊन गेलो. आता हसू नका. कुदळ वर उचलली आणि हात वरच राहिला. लहानपणी रोयणीजवळ थुंकलो म्हणून आईने मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, ते आठवलं. कुदळ मी हळूच खाली ठेवली, जशी निजलेल्या माणसाजवळ ठेवावी तशी. मग जास्वंदीचं एक फूल तोडून रोयणीवर ठेवलं आणि जेसीबीवाल्याला खूण केली — टाक माती वरून.

मालकांना सांगितलं, मुळापासून काढली, चिकणमाती भरून दाबली. मजुरांना सांगितलं, देवीला हात लावलेला नाही, मातीने ओटी भरली आहे. दोघांचंही समाधान झालं. मी किती हुशार, नाही का? त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो.

देवीची भीती वाटली असं म्हणून मी सुटू शकत नाही. देवीची खरी भीती असती तर कौल लावला असता. मला मालकांसमोर 'मी घाबरलो' असं म्हणायची भीती होती. दोन भीतींच्या मध्ये मी सापडलो आणि दोन्हींनाही फसवून मोकळा झालो.

पहिली चार-पाच वर्षं काही झालं नाही. तळं भरायचं, बदकं तरंगायची. मग एका चैत्रात, सगळ्या विहिरी तळाला गेलेल्या असताना, बांधाच्या पायथ्याशी गवत हिरवं दिसायला लागलं. मी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिथे ओल होती. आठवड्याने करंगळीएवढी धार. स्वच्छ, थंड. आणि बरोबर त्याच रेषेत — वर जिथे रोयण पुरली होती तिच्या सरळ खाली.

पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. खात्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी मला एकच गोष्ट घोकून घेतली होती. पाणी नितळ येतंय तोवर बघत राहायचं, ज्या दिवशी गढूळ आलं त्या दिवशी बूट घालायला थांबायचं नाही. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चालला. मी वाकून ओंजळीत पाणी घेतलं. नितळ होतं. जीव भांड्यात पडला. आणि मागे वळलो तर वहिनी उभ्या होत्या, कमरेवर कळशी घेऊन.

"भावजी, ह्या पाणी खंयसून इला?"

पाणी कुठून आलं? तेव्हा मी काय काय सांगू शकलो असतो? बांध झिरपतोय, वहिनी. बघत राहावं लागेल. एवढं पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, रोयण काढली ना तुम्ही? की नाही काढली? आणि मी काय बोललो?

"रोयणीचा पाणी, वयनी. देवीन दिल्यान."

त्यांनी कळशी खाली ठेवली आणि हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी त्यांना पाण्यासाठी पाणंद चढून जावं लागत होतं, गुडघे गेलेले. मला बरं वाटलं. विश्वास ठेवा, मला क्षणभर असं वाटलं की मी त्यांना काहीतरी दिलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आठ दिवसांत तिथे पणती आली, हळद-कुंकू आलं, कट्ट्याच्या बाजारापासून माणसं बाटल्या घेऊन आली. मालक तर खूश. पाहुण्यांना दाखवायला एक जास्तीची गोष्ट झाली. त्यांनी मला सांगितलं, छान गोमुख बसवा, कुंडी बांधा. मी बांधली. सिमेंटने. झिरपणाऱ्या बांधाचं तोंड सिमेंटने आवळू नये हे मला माहीत होतं. आणि तरी मी थापी घेऊन बसलो आणि गोमुखाच्या कानाला बोटाने आकार दिला.

तेव्हापासून मी बाटल्या भरायला लागलो. काचेच्या, औषधाच्या. दर सोमवारी गोमुखातून एक बाटली भरायची, वर चिठ्ठी लावायची, घरामागच्या फळीवर ठेवायची. सकाळी तळाशी बघायचं, माती बसली आहे का. बायकोला वाटायचं मी कसला तरी काढा करतो. पाहुणे आले की ती म्हणायची, ह्यांचं काही विचारू नका. तीन वर्षं बाटल्यांचा तळ स्वच्छ होता. चौथ्या वर्षी, ज्येष्ठात, एका बाटलीच्या तळाशी नखाएवढा लाल थर दिसला. मी ती बाटली हलवली, पुन्हा ठेवली, पुन्हा बघितली. पुढच्या सोमवारी थर बोटाच्या पेरावर आला.

त्या पावसात सात आठवडे मी बाटल्या बघत बसलो. सात. बूट घालायला थांबायचं नाही असं शिकवलेल्या माणसाने.

गोमुखातलं पाणी लालसर झालेलं वाडीलाही दिसलं. लोक म्हणाले, देवीचं काहीतरी चुकलं असेल. गाऱ्हाणं घालूया. आणि गाऱ्हाणं कुणी घालायचं? धरण ज्याने बांधलं त्याने, त्यालाच देवीने आधी पाणी दाखवलं ना. नारळ माझ्या हातात दिला. समोर कुंडी, मागे वीस-पंचवीस माणसं, पुढच्या रांगेत वहिनी, आणि कडेवर मुलगी घेऊन सुनंदा. आमच्याकडे गाऱ्हाण्यात देवापुढे सगळं उघड बोलायचं असतं. त्यासाठीच ते असतं.

"गे बाये सातेरी," मी म्हटलं, "आज तुझी लेकरां हय जमली आसत. कोणाकडसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि ह्या वाडीर येतला संकट परतवन लाव."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे एका आवाजात म्हणाले.

कोणाकडसून. मी 'माझ्याकडून' म्हणालो नाही. नारळ फोडला, पाणी कुंडीत सोडलं. कुंडीत आत मातीचा धूर फिरत होता, चहात दूध घातल्यावर फिरतो तसा. मी कुंडीची कड धरून खाली बसलो. लोकांना वाटलं, अंगात वारं आलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मघापासून टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. रोयण, गोमुख, गाऱ्हाणं — हे सगळं वाईटच. पण हे सांगून मी झोपू शकलो असतो. जे सांगता येत नाही ते तीन दिवसांचं आहे.

नारळी पौर्णिमेच्या आधी पाऊस लागला आणि उघडेना. तळं काठोकाठ. सांडव्यावरून पाणी जात होतं, पण तरी पातळी चढतच होती. सकाळी मी छत्री घेऊन बांधावर गेलो. चालता चालता डावा पाय खचला. गुडघ्यापर्यंत आत. पाय वर काढला तर तिथे सुपाएवढा खड्डा, आणि खड्ड्यात पाणी नव्हतं. एवढ्या पावसात खड्ड्यात पाणी नाही, म्हणजे ते कुठेतरी खाली जात होतं. मी बरोबर रोयणीच्या डोक्यावर उभा होतो.

मी काय केलं असेल? घमेल्याने माती आणून खड्डा भरला, पायाने दाबला, आणि खोल्यांसमोरची जास्वंदीची एक कुंडी उचलून त्यावर ठेवली. दिसू नये म्हणून. पाणी सोडायच्या झडपेचं चाक फिरवलं, तेही तीनच फेरे. कुणाच्या लक्षात येणार नाही एवढंच. पूर्ण उघडलं असतं तर खालच्या मळ्यांत पाणी गेलं असतं आणि चार माणसं विचारायला आली असती.

मग मी खाली गोमुखाजवळ गेलो. धार मनगटाएवढी झाली होती आणि तिचा रंग — जाऊ दे. मला ऐकू येत होतं की ती खरखरते आहे. तिथून मी वळून दोन घरांकडे पाहिलं. बांध गेला तर पाणी कसं येईल हे मला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. आधी पोफळी झोपतील. मग सुनंदाची चूल. मग सासऱ्याची खाट. मग चार पायऱ्या चढून वहिनींची ओसरी.

मी वहिनींकडे गेलो.

त्यांना म्हटलं, घरी हिला ताप आहे, तीन दिवस येऊन राहाल काय, जेवणाखाण्याचे हाल होतायत. त्या लगेच उठल्या, अशीच आहे ती बाई. पातळं पिशवीत भरायला लागल्या. मी म्हटलं, घराचे कागद घ्या. कशाला? दमटपणाने खराब होतात, आमच्याकडे कपाट आहे. पाटल्या घ्या. देव्हाऱ्यातली देवी घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि देवी पातळात गुंडाळली. तोवर बाहेर सुनंदा आली होती, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. कागद-पाटल्यांची वहिनींची पेटी तिनेच उचलली, त्यांच्या गुडघ्यांमुळे. चिखलातून वर रस्त्यापर्यंत, जिथे मी रिक्षा थांबवली होती. पेटी आत ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं,

"काका, पाणी चढता काय ओ?"

आणि मी म्हणालो,

"काय नाय गो. दरवर्सासारख्याच आसा."

हे ते वाक्य. एवढ्यासाठी एवढं सगळं बोललो. ती हसली आणि पायऱ्या उतरून खाली गेली, सासऱ्याला पेज भरवायची होती. मी रिक्षात वहिनींच्या शेजारी बसलो.

तीन दिवस पाऊस होता. तीन दिवस मी दर दोन तासांनी बांधावर जात होतो. बांधावर म्हणजे टोकाला, जिथे कातळ आहे तिथे. मातीवर पाय ठेवायचा धीर नव्हता मला. तिथून सुनंदाचं छप्पर दिसायचं आणि त्यातून धूर निघायचा. धूर दिसला की मी परत यायचो. तिन्ही दिवस ती खोल्यांवर भाकऱ्यांना आली, तिन्ही दिवस मुलीला पाठीला बांधून आली. मी तिला रोज सकाळी बघितलं, एकदा तिच्या हातचा चहाही घेतला. तोंड उघडलं नाही. घरी मोठी गाडी रस्त्यावरून गेली तरी मी ताटावरून उठायचो. एकदा बायकोच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी दारापर्यंत पळालो.

का नाही सांगितलं? त्या वेळी माझ्याकडे कारणं भरपूर होती. सासऱ्याला उचलायला चार माणसं लागली असती, चार माणसांना सांगणं म्हणजे वाडीला सांगणं, मग रोयण निघाली असती, मग मालक, मग पोलीस. वहिनींना गुपचूप नेता येत होतं, सुनंदाला गुपचूप नेता येत नव्हतं. असा हिशोब मी केला होता. आज तो तुमच्यापुढे मांडताना मला त्यात कारण दिसत नाही, फक्त मी दिसतो.

बांध टिकला. चौथ्या दिवशी ऊन पडलं. पाणी उतरलं, धार पुन्हा बारीक झाली. का टिकला ते मला माहीत नाही, आणि जाणकारालाही विचारायची सोय नाही.

तीन महिन्यांनी, दिवाळीनंतर, पाणी खाली गेल्यावर मी जास्वंदीची कुंडी उचलली, खड्डा जरा उकरला आणि मालकांना फोन केला. आत्ताच दिसलं म्हणून. मालक हादरले. चांगला माणूस आहे तो, कुणी त्याला खरं सांगितलं तर. त्यांनी इंजिनिअर आणले, तळं पूर्ण रिकामं केलं, बांध फोडला. आत रोयण होती तशीच होती आणि तिच्यातून गेलेली वाट अशी की जेसीबीवाल्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. इंजिनिअर म्हणाले, आणखी एक मोठा पाऊस झाला असता तर खालचं काही राहिलं नसतं. मजुरांना वाटलं, देवीने बांध धरून ठेवला. मालकांना मी सांगितलं, तेव्हा काढली होती तरी पुन्हा वाढली असणार. त्यांनी मान हलवली. या खेपेला रीतसर कौल लावला, देवीला वर पिंपळाखाली बसवलं, आणि बांध नव्याने घातला. आता तो पक्का आहे. गोमुख कोरडं पडलं.

आणि मला शाल मिळाली. मांडवात सुनंदा पुढे आली, माझ्या पाया पडली. "काका, तुमच्यामुळे आमी वाचलव." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे हात मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्या ओसरीवर कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"भावजी, त्या दिसांनी तुमच्या घराकडे ताप कोणाकच नव्हतो. ती सांडगे तळी होती." मग बराच वेळ सोलं पसरत राहिल्या. "माका घराचे कागद घेवक सांगलात. माझी देवी घेवक सांगलात. आणि सुनंदाक काय सांगलात?"

त्या पुन्हा म्हणाल्या,

"ती पेटी घेवन वर इली होती, भावजी. तिच्या पायाक चिखल होतो."

एवढंच. पुढे काहीही नाही. कुणाला सांगितलं नाही त्यांनी, मला खात्री आहे. चार वर्षं झाली. सणाला मला ताट वाढतात, पाणी पुढे ठेवतात, भावजी म्हणतात. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या पायांकडे असते. मला सुनंदाला कळण्याची भीती वाटते. वहिनी गेल्यावर हे मला एकट्यालाच माहीत असण्याची त्याहून जास्त वाटते.

बाटल्या मी खाडीत टाकल्या. एक ठेवली. त्या तीन दिवसांतल्या मधल्या दिवसाची, तो सोमवार होता. चार वर्षांत माती सगळी खाली बसली आहे, तीन बोटं जाड थर, आणि वर पाणी इतकं नितळ की बाटली रिकामी वाटावी. खिडकीत असते. का ठेवली ते विचाराल तर मी स्वतःला सांगत आलो होतो की एक दिवस ती सुनंदाच्या हातात देऊन सगळं सांगेन.

परवा ती आली. दर वर्षी येते, पहिल्या उतारीचे रातांबे, कोकमाची ओली फळं, घेऊन, आधी काकांना म्हणून. मुलगी आता शाळेत जाते, सासरा गेल्या साली आपल्या खाटेवर गेला. बायको बाजाराला गेली होती. सुनंदाची नजर खिडकीकडे गेली.

"काका, ह्या काय आसा?"

बघा, मी काही करायची गरज नव्हती. तिनेच विचारलं होतं. घरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं, धरण पक्कं होतं, पाऊस नव्हता, मालक मुंबईला होते. कुणाचंही घर वाहून जाणार नव्हतं. फक्त मी जाणार होतो.

"रोयणीचा पाणी," मी म्हणालो. "त्या वेळचा. तीर्थ म्हणान ठेवलंय."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि उजवा तळवा पुढे केला. मी बाटली उचलली. अगदी हळू, तळची माती जागची हलू नये अशा बेताने ती तिरकी केली आणि तिच्या तळहातावर वरचे दोन थेंब सोडले. तिने ते तोंडाला लावले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.